तिसरा मजला

आमच्या मजल्यावर सगळे वनशास्त्राचे.
बावीस दारं, चव्वेचाळीस जण.
पहिल्याच दिवशी एकमेकांची नावं विचारायच्या आधी
सगळ्यांनी टेबलाला नख लावून पाहिलं
आणि ठरलं की ओक म्हणून दिलेलं हे बर्चच आहे.

फ्रेडरिक्टनला नोव्हेंबरात पानं संपतात.
उरतात काड्या.
वीतभर काडी, तिच्यावरचे व्रण, तिचे मिटलेले डोळे,
एवढ्यावरून झाड ओळखायचं.
फेब्रुवारीत परीक्षा: पन्नास काड्या, काडीमागे एक मिनिट.
म्हणून खिडक्यांत, बाथरूमात, रेडिएटरच्या फळीवर
काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या
आणि बरण्यांत काड्या.

ओडेट दात घासायच्या आधी एक चावते.
गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास आला तर पिवळा बर्च,
कडू बदामाचा आला तर चेरी.
बीचचा डोळा टोकदार,
पँटच्या खिशात विसरला तर मांडीला आठवण देतो.
रात्री दोनला कुणीतरी भिंतीपलीकडून विचारतं,
"ॲशचा काळा का तपकिरी?"
आणि तीन खोल्या एकदम उत्तर देतात.

मातीच्या पेपरात आम्ही सगळेच आपटलो.
त्या रात्री समजूत घालायला मजल्यावर कुणी शिल्लकच नव्हतं.
रेजाँनं पातेलंभर मॅकरोनी उकडली,
मीठ विसरला,
आम्ही ती उभ्याउभ्या संपवली.

लायलनं जानेवारीत विषय बदलला. हिशेबशास्त्र.
आम्हाला कळलं ते दारावरच्या कागदावरून:
तिसरा मजला फक्त वनशास्त्रासाठी,
शनिवारपर्यंत खोली रिकामी करावी.
त्याच्या दारावरून जाताना आम्ही आवाज खाली आणू लागलो,
आत कुणी आजारी असल्यासारखा.
आणि पुढे जाऊन, स्वयंपाकघरात,
त्यालाही नख लावून पाहिलं, वास घेतला:
घाबरला. पैसे. बापाची बटाट्याची शेती. मुलगी असणार.
एक मिनिटही लागलं नाही कुणाला.
खरं म्हणजे काड्या तोच सगळ्यांत लवकर ओळखायचा,
डोळे मिटून, जिभेच्या टोकानं.

शनिवारी दोन खोकी आणि एक उशी घेऊन तो जिना उतरला.
एक मजला फक्त.

त्याची एक बरणी राहिली, रेडिएटरवर.
बाहेर उणे अठ्ठावीस,
आणि आत तिच्यातल्या काडीनं डोळे उघडले.
पोपटी, लव असलेलं, चुरगळलेलं काहीतरी.
आम्ही भोवती जमलो.
"पानावरून काय, कुणीही सांगेल."
"मग सांग."
नुकतं जन्मलेलं कुणासारखंच दिसत नसतं,
तरी नाक आत्याचं, कान मामाचे, अशी वाटणी होतेच.
कुणी मेपल म्हणालं, कुणी विलो.
रेजाँनं पुस्तक आणलं, मिटलं.

मीच घेऊन गेले खाली.
तोच गालिचा, तीच दारं,
फक्त झाडांऐवजी टोस्टचा वास.
लायलनं दार उघडलं, बरणीकडे बघितलंही नाही नीट.
"सफरचंद आहे ते," म्हणाला,
"आमच्या गोठ्यामागचं. नाताळात आणलेलं.
तुमच्या यादीत नसतं."

तुमच्या.

मी म्हटलं, ठेव ना, तुझंच आहे.
त्यानं ठेवून घेतलं, खिडकीत, कॅल्क्युलेटरशेजारी.
मला विचारायचं होतं ते जिभेवर आलं
आणि तिथंच राहिलं.
दार लावता लावता तोच बोलला:
"रात्री फार चालता तुम्ही लोक.
तुझी पावलं ओळखू येतात. ओडेटचीही.
रेजाँ डाव्या टाचेवर भार देतो."

वर येऊन मी बूट काढले.
ओडेटला सांगितलं, तिनंही काढले.
रेजाँनं कारण न विचारता.
परीक्षेच्या आदल्या रात्री कॉरिडॉरभर मोजेच मोजे,
हातात काड्या,
आणि कुजबुजत विचारलेलं,
काळा का तपकिरी.